वेगळी निघालेली नस

८ जानेवारी, गुरुवार

माझाच जुळला!

घरात पाच माणसं, आणि रक्तगट जुळावा तो माझा. तसा यांचाही जुळतो, पण यांच्या यकृतावर चरबी. "असं यकृत देणाऱ्यालाही नको नि घेणाऱ्यालाही नको," डॉक्टर तोंडावर म्हणाले. हे मान खाली घालून बसले. सख्ख्या बहिणीला द्यायचं, आणि स्वतःचंच धड नाही. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. लेक अकराची. उरलं कोण? सून.

वन्संना कसं नि कुणी सांगायचं यावर जेवताना खल चालला होता. वन्सं पलीकडच्या खोलीतच. तिथे सगळं ऐकू जातं. आतून आवाज आला, "मी पिवळी झालेय, बहिरी नाही!"

लेक खुदकन हसली. आम्ही कुणी हसलो नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज दुकानात एक काच फोडली. प्रोग्रेसिव्ह होती, जवळ-लांबचा नंबर एकाच काचेत, महागाची. घासायच्या मशीनवर लावली आणि लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक. मालकांनी तुकडे स्वतःच झाडून काढले. त्यांना घरचं माहीत आहे. चौदा वर्षं चष्मे बनवतेय, अशी काच फुटल्याचं आठवत नाही.

माझं आणि वन्संचं कधी जमलंच नाही. उगाच गोड कशाला लिहू, इथे कोण वाचणार आहे? यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी बहीण. लग्न तरुणपणीच मोडलं. मग मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला लागली, ती चोवीस वर्षं. सगळ्या जगाला क्लच-ब्रेक समजावणार, आणि घरी आली की मलाही. भाजी अशी चिरत नाहीत, मुलीला असं बोलत नाहीत, दार असं लावत नाहीत. माझ्या लग्नानंतर मलाही गाडी शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडली, मागून भोंगे, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले. तेव्हापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

सात महिन्यांपूर्वी डोळे पिवळे झाले म्हणून तात्पुरत्या आमच्याकडे आल्या. शरीरच स्वतःच्या यकृतावर उलटलंय म्हणे. लोक मात्र मला बाजूला घेऊन विचारतात, "घ्यायच्या का हो?" आयुष्यात थेंब घेतला नाही बाईने! मी हे ठणकावून सांगते. का सांगते कुणास ठाऊक. माझी थोडीच कुणी आहे ती.

१९ जानेवारी, सोमवार

हॉस्पिटलात पाच तास.

मोठ्या डॉक्टरांनी कागदावर यकृत काढून दाखवलं. उजवा भाग कापून घ्यायचा, साधारण साठ टक्के. डावा माझ्याकडे राहणार. दोन-तीन महिन्यांत दोघींचंही बरंचसं वाढतं. "पाल शेपटी टाकते तसं?" मी विचारलं. हसले. मग हसू पुसून म्हणाले, "देणारीचा जीवही जाऊ शकतो. क्वचित. पण हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही."

नंतर एका बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. दाते आणि रुग्ण यांचं सगळं त्या बघतात. निळ्या फ्रेमचा चष्मा, डावी दांडी सैल, बोलता बोलता सारखा नाकावर घसरत होता. त्यांनी दार लावलं. "घरचं कुणी ऐकत नाहीये. कुणी दबाव आणलाय का?"

यांनी एका शब्दाने म्हटलेलं नाही. सासूबाईंनीही नाही. फक्त त्या दिवसापासून सासूबाई मला आधी वाढतात. याला दबाव म्हणतात का?

"नाही," मी म्हटलं.

"नको असेल तर आत्ता सांगा."

मी त्यांच्या चष्म्याकडे बघत होते. म्हटलं, "आणा इकडे, स्क्रू घट्ट करून देते." पर्समध्ये छोटा पेचकस असतोच. त्यांनी दिला. मी घट्ट करून दिला. बाहेर आले.

आईचा फोन. "तुला एक लेकरू आहे, एवढं ध्यानात ठेव." फोन ठेवला.

२२ जानेवारी, गुरुवार

रक्तवाहिन्यांचा स्कॅन. हातात सुई, त्यातून औषध सोडलं. अंगभर गरम लाट, घशापासून पार खालपर्यंत. वाटलं चादर ओली केली! "सगळ्यांनाच तसं वाटतं," तिथला मुलगा म्हणाला. श्वास घ्या, धरा, सोडा. तीनदा.

२६ जानेवारी, सोमवार

रिपोर्ट खराब येऊ दे.

लिहिलं. खोडणार नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आला! खराब. म्हणजे अगदी खराब नाही — तेच तर.

डॉक्टरांनी पडद्यावर माझं आतलं झाड दाखवलं. यकृताला रक्त नेणारी धमनी, तिच्या पुढे दोन फांद्या, उजवी-डावी. बहुतेकांत डाव्या भागाला डावीच फांदी पोसते. माझ्यात डाव्या भागातला एक तुकडा उजव्या फांदीवर जगतोय. एक बारीक नस, दीड-दोन मिलिमीटरची, उजवीकडून निघून डावीकडे गेलेली. उजवा भाग तसाच कापला, तर मागे राहिलेल्या माझ्या तुकड्याचं रक्त तुटणार.

"मग नाही होणार?" मी विचारलं. आवाज जरा लवकरच निघाला.

"होऊ शकतं. ती नस राखून तिच्या पुढे कापायचं. पण मग त्यांच्या बाजूला जोडायला टोक आखूड मिळतं, आणि तुमचा धोका वाढतो. अशक्य म्हणणार नाही मी. तुम्ही विचार करा, आमचीही बैठक होईल."

घरी येऊन सांगितलं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एवढ्या सगळ्या माणसांत तुझ्याच नसा वाकड्या निघाव्यात!" जशी काही मी आदल्या दिवशी आत जाऊन वाकवून ठेवल्या.

खरं तर मला बरं वाटलं होतं. जन्मल्यापासून ती नस तिथे आहे, कुणाला न सांगता. पहिल्यांदाच माझ्या बाजूने काहीतरी उभं राहिलं.

३१ जानेवारी, शनिवार

वन्संना खाज सुटते ती बघवत नाही. तळहात, तळपाय, पाठ. औषधं पुरत नाहीत. आज जाड दातांचा कंगवा कापडात गुंडाळून त्यांच्या पाठीवरून फिरवत बसले. तासभर तरी असेन. पोट टम्म फुगलेलं, हात काटक्या. "परवा हॉस्पिटलात लिफ्टमध्ये एका पोराने मला जागा करून दिली," म्हणाल्या. "कितवा महिना, एवढं विचारायचं राहिलं त्याचं."

मी हसले. दोघी हसलो. मग त्यांना धाप लागली.

जरा वेळाने, पाठ माझ्याकडेच होती, म्हणाल्या, "भीती वाटते का गं?"

"छे."

"मला वाटते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा एकटीने गाडी काढली तेव्हा वाटली होती तशीच. ओकले होते मी. कुणाला सांगितलं नाही आजवर. शिकायला येणाऱ्या पोरांना काय तोंड दाखवायचं!"

चौदा वर्षांत या बाईने मला स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट. त्या चौकातल्या दिवशी सांगितली असती तर!

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल वन्संचं डोकं फिरलं. रक्तातली घाण मेंदूत चढते, असं होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. सकाळी खुर्चीवर बसल्या, हवेत गिअर टाकला आणि माझ्या लेकीला म्हणाल्या, "आरसा बघ. आधी आरसा बघ. मागे कोण आहे ते बघितल्याशिवाय निघायचं नाही." लेक आधी हसली, खेळ वाटला तिला. मग आत्या आपल्याला ओळखतच नाहीये हे तिच्या लक्षात आलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. रडलीही नाही.

लगेच भरती केलं. पातळ औषध देऊन पोट साफ केलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा माणसांत आल्या, आणि नर्सला पहिलं वाक्य — "ही सलाईनची बाटली कडेला घे, रस्त्यात पार्क केल्यासारखी लावलीयस."

आज मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. वाढीव धोका समजला, माझी तयारी आहे. निळ्या चष्म्याच्या बाईंनी पुन्हा दार लावून विचारलं. पुन्हा सांगितलं. सही केली.

सही वाकडी आली. बाईंनी बघितली, मी बघितली.

यांना रिक्षात सांगितलं. यांनी माझा हात धरला, घर येईपर्यंत सोडला नाही. आमच्यात असं नसतं.

आईला सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

लेकीसाठी दोन महिन्यांचं काय काय ते लिहायला बसले. कुठल्या डब्यात काय, डॉक्टरांचा नंबर, वेणी घालताना उजवीकडून सुरुवात केली तर ती कटकट करत नाही. तीन पानं झाली. मग लक्षात आलं मी दोन महिन्यांचं लिहीत नाहीये.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

होणार नाही.

दुपारी वन्संच्या कॉटपाशीच सगळे होतो. मोठे डॉक्टर आले. हातात कागद, नजर कागदावर. "ही शस्त्रक्रिया आपण करत नाही आहोत. मृत दात्याच्या यादीत नाव आहेच, ते वर सरकेल. वाट बघू."

यांनी विचारलं, "त्या नसेमुळे?" डॉक्टर म्हणाले, "सगळ्या बाजूंनी विचार झालाय."

वन्सं म्हणाल्या, "बरं झालं. हिचं यकृत घातलं असतं तर उद्यापासून मीही चौकात रडत बसले असते." सासूबाई चिडल्या. मला राग नाही आला.

घरी आले, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. खूप रडले. यांनी बाहेरून हाक मारली. आत आले, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तू तुझ्याकडून केलंस. नशिबात नव्हतं."

त्यांना वाटलं दुःखाने रडतेय. मी सुटले म्हणून रडत होते.

आणि मग भूक लागली! दोन वेळचं जेवले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं घरी. त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही. भांडी घासताना पाठ करून उभी राहते.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेक वन्संजवळ बसून वाहतुकीच्या खुणा पाठ करते. आत्या परीक्षा घेते. दहापैकी सात. "नापास," आत्या म्हणाली. "रस्त्यावर तिघं मेले."

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी साडेदहाला दुकानात फोन. यकृत मिळतंय! दोन तासांत या, काही खाऊ-पिऊ नका.

मी होते तशी निघाले. एप्रनच्या खिशात कुणाचातरी अर्धवट चष्मा तसाच. हे कामावरून परस्पर आले. वन्सं तयार होऊन दारात बसलेल्या, केस विंचरून. सासूबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

रक्त घेतलं, छातीचा फोटो घेतला, हिरवा झगा घातला. दात्याबद्दल सांगत नाहीत. पण कॉरिडॉरमध्ये कानावर आलं — साठीचा माणूस, मेंदूत रक्तस्राव. कुणाचातरी नवरा, बाप. आज सकाळी त्यांच्या घरी काय चाललं असेल आणि आमच्या घरी काय!

ट्रॉली ऑपरेशनच्या दारापर्यंत गेली. तिथेच थांबवली. दुसऱ्या हॉस्पिटलातून यकृत इथे पोचलं होतं. आत टेबलावर ठेवून तपासत होते. एक तास. दोन. वन्सं ट्रॉलीवर, मी शेजारी स्टुलावर. त्या म्हणाल्या, "सिग्नल लांबलाय."

साडेचारला मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. टोपी काढली. टोपी काढली तेव्हाच मला कळलं.

"यकृत चांगलं आहे," म्हणाले. "रंग चांगला, चरबी नाही. पण धमनी! आतून चुना धरल्यासारखी कडक झालीय, आणि काढताना तिचा आतला थर सुटलाय. चांगल्या भागापर्यंत कापत गेलो, तो यकृताच्या आतपर्यंत तसाच. जोडली असती तरी दोन दिवसांत रक्त गोठून बंद पडली असती. मग नवं यकृतही मेलं असतं आणि तुम्हीही."

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वन्संनी वरच्या दिव्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडतील. त्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या घरच्यांना सांगणार का तुम्ही? वापरता आलं नाही म्हणून?"

"विचारलं तर सांगावं लागतं."

"नाही विचारलं तर नका सांगू. दिलं याचंच समाधान असेल बिचाऱ्यांना. तेवढं राहू द्या त्यांच्याकडे."

झगा काढून त्यांना साडी नेसवली मी. निऱ्या फुगलेल्या पोटावर बसेनात. परतताना गाडीत म्हणाल्या, "तुझी नस तशी, त्याची तशी. आपल्याला मेकॅनिकच बरा मिळत नाहीये." हे म्हणाले, "ताई, पुरे." आणि मग ताई रडली. माझ्या खांद्यावर. मी यांच्यासारखं तिला ताई कधी म्हटलं नव्हतं. आज इथे लिहिलं गेलं.

४ मार्च, बुधवार

सात लिटर पाणी काढलं पोटातलं. दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा.

१७ मार्च, मंगळवार

पोटातल्या पाण्यात जंतू झाले. अतिदक्षता विभाग. किडन्याही दमल्यात. यादीतून नाव तात्पुरतं काढलंय — इतक्या आजारी माणसावर करता येत नाही म्हणे. म्हणजे आधी पुरेशा आजारी नव्हत्या, आणि आता जास्त आजारी!

एका वेळी एकालाच आत सोडतात. मी गेले. ओठ कोरडे. ओल्या कापसाने पुसले. मला बोलायचं होतं. की मी त्या दिवशी रडले ते का रडले. की मी रिपोर्ट खराब यावा असं मागितलं होतं. तोंड उघडलं. त्यांनी माझा हात दाबला, अगदी हलका, आणि म्हणाल्या, "लेकीला घेऊन येऊ नकोस. असं नको बघायला तिने."

"बरं," म्हटलं.

"आणि तू जेवून घे."

एवढंच. नर्सने वेळ संपली म्हटलं.

२१ मार्च, शनिवार

गेल्या. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. हे होते जवळ. मी लेकीला शाळेत सोडायला गेले होते.

२ एप्रिल, गुरुवार

घरात माणसांची ये-जा थांबली. त्यांनी शिकवलेली माणसं रोज कुणी ना कुणी येत होती. एक बसचालक आला, पन्नाशीचा, हमसून रडला. "बाई नसत्या तर मी गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकत असतो," म्हणाला. सासूबाईंना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, लेक नुसती गाडीत बसून असते.

काल सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शेवटी रक्ताचं माणूस ते रक्ताचंच. परक्याचं अंग साथ देत नाही." माझ्याकडे बघून नव्हे. पण खोलीत मी एकटीच होते.

अंगाने साथ दिली नाही हे खरं, आणि त्याचा मला आनंद झाला होता हेही खरं. हे दुसरं त्यांना माहीत नाही. माझं मला माहीत आहे.

काम चालू आहे. आज सहा चष्मे केले. सगळे बरोबर.

९ एप्रिल, गुरुवार

वन्संचे राहिलेले कागद आणायला हॉस्पिटलात गेले. पुढेमागे पोटाचं ऑपरेशन निघालं तर दाखवायला हवी, म्हणून माझीही फाईल मागून घेतली. तिथेच बाकावर बसून उघडली.

बैठकीची नोंद. "दात्री योग्य. वाढीव जोखीम समजावली, संमती आहे. शस्त्रक्रिया १२ फेब्रुवारीला करावी."

त्याखाली वेगळ्या शाईत — "रुग्णाने स्वतः नकार दिला. ५ फेब्रुवारी."

आम्हाला सांगितलं त्याच्या आदल्या दिवशी!

निळ्या चष्म्याच्या बाईंकडे गेले. त्यांनी पान बघितलं, मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "आम्ही परोपरीने समजावलं त्यांना. त्या म्हणाल्या, 'तिला नाही म्हणता येत नाही. तिच्या वाटचा नकार मीच देते, लिहून घ्या. आणि घरी कुणाला कळू देऊ नका, तिला तोंड लपवायला लागेल.'"

घरी आले. सासूबाईंनी विचारलं, "मिळाले का कागद?"

म्हटलं, मिळाले.